मैत्री कोणाशीं? परराष्ट्र-मैत्री-मंडळांविषयीं एक विचार

मैत्री हा शब्द आपल्या भाषेंत इतका गोड आहे कीं, तो ज्या पाटीवर लिहिलेला असेल त्या पाटीकडे शंकेनें पाहण्याचें धैर्य सहसा कोणास होत नाहीं. वाचनालयाच्या भिंतीवर किंवा एखाद्या सभेच्या हस्तपत्रकावर दूरच्या देशाच्या मैत्री-मंडळाचें नांव दिसलें, तर सज्जन मनुष्याला आनंदच वाटतो. दोन राष्ट्रांनीं भांडण्यापेक्षां एकमेकांचे मित्र व्हावें, हें कोण मान्य करणार नाहीं? परंतु मैत्री म्हटली कीं एक प्रश्न लागलीच उत्पन्न होतो, आणि तोच ह्या लेखाचा विषय आहे. मैत्री नेमकी कोणाशीं? त्या देशांतील लोकांशीं, कीं त्या लोकांवर राज्य करणाऱ्या सरकाराशीं?

जेथें लोक आपलें सरकार मोकळेपणीं निवडतात, त्यावर टीका करतात आणि वेळ आल्यास तें बदलतात, तेथें हा भेद फारसा जाणवत नाहीं. परंतु जेथें सत्ता एकाच पक्षाच्या हातीं, वर्तमानपत्रें त्याच पक्षाचीं, सीमेवर कुलूप, आणि परक्याशीं मोकळेपणीं बोलणें हें प्रजाजनास धोक्याचें, तेथें ह्या दोन मैत्रींत आकाशपाताळाचें अंतर पडतें. अशाच देशांच्या नांवानें निघालेल्या मैत्री-मंडळांचा येथें विचार करावयाचा आहे. तो केवळ परदेशाचा इतिहास नव्हे. आपल्या नागपुराचे व महाराष्ट्राचे धागे त्यांत गुंतलेले आहेत.

अशा मंडळांची पद्धति प्रथम समजून घेऊं. रशियांत राज्यक्रांति झाल्यानंतर १९२५ सालीं मॉस्को येथें परदेशांशीं सांस्कृतिक संबंध ठेवण्यासाठीं 'व्होक्स' नांवाची संस्था स्थापन झाली. निरनिराळ्या देशांतील मित्र-मंडळांना चित्रें, पुस्तकें व बोलपट पुरविणें आणि तेथून येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था पाहणें हें तिचें काम. हा मार्ग एकाच मताच्या लोकांनीं अवलंबिला असें मात्र नाहीं. हिटलरच्या जर्मनीशीं स्नेह वाढविण्यासाठीं १९३५ सालीं लंडनमध्यें एक इंग्रज-जर्मन स्नेहमंडळ निघालें, आणि त्यांत मोठमोठे व्यापारी व उमराव सामील झाले. तेव्हां रंग लाल असो वा दुसरा कोणताहि असो, यंत्र तेंच असतें.

ह्या यंत्राचे भाग तीन. पहिला भाग, गुळगुळीत कागदावर छापलेलें स्वस्त सचित्र मासिक. दुसरा भाग, प्रदर्शनें, भाषेचे वर्ग, गाण्याबजावण्याचे कार्यक्रम. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे आमंत्रण. शिक्षक, डॉक्टर, लेखक, संपादक अशा प्रतिष्ठित माणसांना त्या देशाचा प्रवास घडविला जातो. स्टेशनावर मुलें पुष्पगुच्छ घेऊन उभीं असतात, दुभाषा क्षणभरहि बाजूस होत नाहीं, उत्तम शाळा, स्वच्छ रुग्णालय आणि भरघोस शेत दाखविलें जातें. लक्षांत ठेवा, हें सारें बहुधा खोटें नसतें. शाळा खरी असते, रुग्णालयहि खरें असतें. परंतु काय पाहावें हें पाहुण्यानें ठरविलेलें नसतें. तो घरीं परततो आणि म्हणतो, "मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें." परकी राजवट स्वतःची स्तुति करूं लागली तर कोणी ऐकणार नाहीं. परंतु आपल्याच गांवच्या सज्जनाची साक्ष सर्व ऐकतात. त्याची पत ही त्या राजवटीच्या कामीं येते, आणि पुष्कळदां त्यास तें कळतहि नाहीं.

ह्याचें एक ठळक उदाहरण इंग्लंडांतील आहे. सिडनी व बिॲट्रिस वेब हें दांपत्य समाजशास्त्राच्या अभ्यासांत नांवाजलेलें होतें. १९३२ सालीं तीं रशियास जाऊन आलीं आणि १९३५ मध्यें त्यांनीं सोव्हिएट साम्यवादावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नांवांत 'एक नवी संस्कृति?' असें प्रश्नचिन्ह होतें. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तींत तें प्रश्नचिन्ह काढून टाकण्यांत आलें. आतां ह्याच वर्षांत रशियांत काय घडत होतें तें पाहा. १९३२-३३ च्या दुष्काळांत एकट्या युक्रेनमध्येंच तीस लाखांहून अधिक माणसें अन्नावांचून मेलीं होतीं. कारण शेतकऱ्यांजवळचें धान्य सरकारनें सक्तीनें उचललें होतें. आणि १९३७ व १९३८ ह्या दोन वर्षांत, पुढें उघडकीस आलेल्या सरकारी नोंदींप्रमाणेंच, सहा लाख ऐशीं हजारांहून अधिक लोकांना गोळ्या घालण्यांत आल्या. प्रश्नचिन्हाची खरी आवश्यकता होती ती त्याच वर्षीं.

ह्याच्या उलट गॅरेथ जोन्स नांवाचा वेल्स प्रांतांतील एक तरुण वार्ताहर. तो रशियन भाषा शिकलेला होता. १९३३ च्या मार्च महिन्यांत तो पाठीवरच्या पिशवींत खाण्याचे पदार्थ घेऊन मॉस्कोहून निघाला, वाटेंत आगगाडींतून उतरला, आणि युक्रेनच्या खेड्यांतून पायीं चालत गेला. शेतकऱ्यांच्या झोपड्यांत त्यानें मुक्काम केला. 'भाकर नाहीं, आम्ही मरत आहों' हेंच त्यास जागोजाग ऐकूं आलें. परत आल्यावर त्यानें तें प्रसिद्ध केलें, तेव्हां मॉस्कोंत राहणाऱ्या कांहीं प्रतिष्ठित वार्ताहरांनींच त्यास खोटें पाडण्याचा यत्न केला. वेब दांपत्याजवळ विद्वत्ता अधिक होती. जोन्सजवळ त्या लोकांची भाषा होती, आणि तो गाडींतून खालीं उतरला.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. वर्ध्याचे डॉक्टर पांडुरंग सदाशिव खानखोजे हें नांव विद्यार्थ्यांनीं ऐकलें असेल. परदेशांत राहून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठीं झटलेले क्रांतिकारक आणि पुढें मेक्सिको देशांत गहू व मका ह्यांवर संशोधन करणारे कृषिशास्त्रज्ञ अशी त्यांची ख्याति आहे. आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं नागपुरांत काढलीं आणि १९६७ सालीं येथेंच त्यांचें निधन झालें. १९२१ सालीं हिंदी क्रांतिकारकांचें जें एक मंडळ साहाय्याच्या आशेनें बर्लिनहून मॉस्कोला गेलें, त्यांत खानखोजे होते. मंडळाचे पुढारी वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडू यांचे बंधु. स्वामी विवेकानंदांचे धाकटे बंधु भूपेंद्रनाथ दत्त आणि गुलाम अंबिया खान लुहानी हेहि त्यांत होते. अपेक्षित साहाय्य मिळालें नाहीं. खानखोजे परत फिरले आणि १९२४ सालीं मेक्सिकोस गेले. चट्टोपाध्याय मात्र पुढें रशियांतच जाऊन राहिले आणि लेनिनग्राड येथील विज्ञानसंस्थेंत मानववंशशास्त्राचें काम करूं लागले.

१९३७ सालीं त्यांना पकडण्यांत आलें आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. लुहानींचाहि १९३८ सालीं तसाच अंत झाला. हिंदुस्थानांतील आप्तेष्टांना ह्याची निश्चित वार्ता कित्येक दशकें मिळाली नाहीं. पुढें १९४१ च्या जून महिन्यांत हिटलरनें रशियावर स्वारी केली, तेव्हां त्या देशाच्या लोकांविषयीं सहानुभूति दाखविण्यासाठीं कलकत्त्यास 'सोव्हिएट सुहृद् समिति' निघाली. तिच्या पुढाऱ्यांत भूपेंद्रनाथ दत्त होते. नाझी सैन्याविरुद्ध लढणाऱ्या रशियन जनतेस पाठिंबा देणें हें योग्यच होतें, त्यांत दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु मनास चटका लावणारी गोष्ट ही कीं, वीस वर्षांपूर्वीं ज्या सोबत्याबरोबर ते मॉस्कोस गेले होते, त्याचें काय झालें हें मैत्रीच्या नात्यानें विचारून उत्तर मिळेल अशी सोय त्या मैत्रींत नव्हती. मित्राच्या घरीं आपला भाऊ नाहींसा व्हावा आणि त्या घरानें त्याविषयीं चकार शब्द काढूं नये, ह्याला मैत्री म्हणावें काय?

चीन देशाच्या बाबतींत दोन्ही प्रकारच्या मैत्रीचीं उदाहरणें आपल्यापाशीं आहेत. १९३७ सालीं जपाननें चीनवर आक्रमण केलें. चिनी सेनापतींनीं साहाय्य मागितलें, तेव्हां राष्ट्रीय सभेनें लोकांकडून वर्गणी गोळा करून पांच डॉक्टरांचें पथक १९३८ च्या सप्टेंबरांत मुंबईहून धाडलें. त्या वर्षीं सभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. पथकाचे नायक अलाहाबादचे डॉक्टर अटल. त्यांच्यासोबत आपल्या नागपूरचे डॉक्टर चोळकर, सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉक्टर बसू व डॉक्टर मुखर्जी होते. चोळकर वयानें वडील होते, तरी त्या दूरच्या रणभूमीवर जाण्यास ते कचरले नाहींत. कोटणीस तेथेंच राहिले, चिनी भाषा शिकले, एका चिनी परिचारिकेशीं त्यांनीं विवाह केला, आणि अहोरात्र शस्त्रक्रिया करीत असतां १९४२ च्या डिसेंबरांत वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासदहि झाले होते, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांची मैत्री घोषणांत नव्हती. जखमी मनुष्याच्या खाटेशीं ती उभी होती. १९६२ चें युद्ध होऊनहि चीनमध्यें त्यांची समाधि लोकांनीं जपली. सरकारें अशा स्मृतीचाहि आपल्या सोयीप्रमाणें उपयोग करतात, तरी मूळचें सोनें त्यामुळें पितळ होत नाहीं.

पुढें चीनमध्यें कम्युनिस्ट राजवट आली आणि १९५१ सालीं आपल्या देशांत भारत-चीन मैत्री-संघ निघाला. पंडित सुंदरलाल त्याचे अध्यक्ष होते. गांधीजींच्या तालमींत वाढलेला हा पुरुष सालस व निःस्वार्थी होता. शिष्टमंडळें जाऊं लागलीं आणि प्रवासवर्णनें निघूं लागलीं. मुंबईच्या 'ब्लिट्झ' पत्राचे संपादक करंजिया यांनीं नव्या चीनचें उत्साहानें वर्णन करणारें पुस्तक लिहिलें. त्याच सुमारास तेथें जाऊन आलेले मुंबईचे राजा हठीसिंग यांचें १९५३ सालचें पुस्तक वाचलें, तर देश तोच, परंतु चित्र निराळें. दडपलेलीं मनें आणि एकसारखीं पाठ केलेलीं उत्तरें त्यांना तेथें आढळलीं. लोकांनीं कोणतें पुस्तक अधिक आवडीनें वाचलें हें सांगावयास नको, कारण तो काळ 'हिंदी-चिनी भाई-भाई' ह्या घोषणेचा होता. १९५९ ते १९६१ ह्या वर्षांत चीनमध्यें भयंकर दुष्काळ पडला. त्यांत दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत माणसें दगावलीं असावीं, असे निरनिराळ्या अभ्यासकांचे अंदाज आहेत. भावाच्या घरीं एवढा आकांत झाला आणि भाई-भाई म्हणणाऱ्यांच्या कानांवर तो आलाच नाहीं! १९६२ च्या ऑक्टोबरांत सीमेवर तोफा धडाडल्या आणि मैत्री-संघाचें तेज मावळलें. मित्र म्हणून ज्यांचीं नांवें घेतलीं जात होतीं, त्या चिनी शेतकऱ्यांना ना दुष्काळांत कोणी विचारलें, ना युद्धाच्या वेळीं.

मग अशा मंडळांत शिरणारे लोक भोळे किंवा लबाड होते, असें समजावें काय? मुळींच नाहीं. त्यांपैकीं बहुतेकांस आपल्या घरच्या अन्यायाची चीड होती. अण्णा भाऊ साठे यांचें उदाहरण घ्या. वाटेगांवच्या मातंग कुटुंबांत जन्मलेल्या ह्या थोर शाहिराला शाळेचें सुख लाभलें नाहीं. मुंबईस त्यानें मोलमजुरी केली. १९६१ सालीं ते रशियास गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हें पुस्तक त्यांनीं लिहिलें. ज्याला स्वदेशांत जातीमुळें दूर उभें राहावें लागलें, त्याला परदेशांत मानानें खुर्ची मिळाली, तर त्याचें हृदय भरून येणारच. त्याच्या कृतज्ञतेला हसण्याचा अधिकार आपणांस नाहीं. उलट, आपला भाऊ मानासाठीं दूर देशाकडे डोळे लावून बसतो, ही लाज आपली आहे. तथापि एवढेंहि खरें कीं, घरच्या अंधाराची चीड मोठी असली म्हणून दूरचा प्रत्येक दिवा सूर्य ठरत नाहीं.

लाभहि झाले, हेंहि न्यायानें सांगितलें पाहिजे. नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी असतांना, १९५५ सालीं, रशियाच्या साहाय्यानें भिलाईस पोलादाचा कारखाना काढण्याचा करार झाला आणि १९५९ सालीं तेथील पहिली भट्टी सुरू झाली. आजच्या पालकांपैकीं कित्येकांनीं बालपणीं रशियांत छापलेलीं, सुंदर चित्रांचीं आणि अल्प किंमतीचीं मराठी पुस्तकें वाचलीं असतील. तीं पुस्तकें चांगलीं होतीं. ज्या चित्रकारांनीं तीं सजविलीं आणि ज्या भाषांतरकारांनीं तीं मराठींत आणलीं, त्यांचे आपण ऋणी आहों. पुस्तकाबद्दल आभार मानावेत, परंतु त्या आभारांच्या पोटीं तुरुंगाविषयीं मौन पाळूं नये, एवढेंच म्हणणें आहे. १९९१ सालीं तें राज्य लयास गेलें. ज्यांनीं लोकांशीं मैत्री केली होती त्यांची मैत्री उरली. ज्यांनीं केवळ सरकाराशीं केली होती त्यांना मित्रच उरला नाहीं.

हा विषय जुना झाला असें समजूं नका. उत्तर कोरिया हें राज्य आज जगांत सर्वांत बंदिस्त मानलें जातें. त्याच्या संस्थापकाच्या 'जुचे' नांवाच्या विचाराचा प्रचार करण्यासाठीं १९६९ पासून निरनिराळ्या देशांत अभ्यासमंडळें निघालीं. १९७८ सालीं त्यांची मध्यवर्ती संस्था टोकियोंत स्थापन झाली. २००० सालीं एका स्पॅनिश गृहस्थानें कोरिया-मैत्री-संघ काढला आणि अनेक देशांत त्याचे सभासद झाले. ह्या मित्रांना त्या राज्यांत प्रवेश मिळतो. परंतु संयुक्त राष्ट्रांनीं न्यायमूर्ति मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-मंडळ नेमलें, तेव्हां त्यास मात्र देशांत प्रवेश देण्यांत आला नाहीं. मंडळानें ऐशींहून अधिक साक्षीदारांच्या साक्षी उघडपणें घेतल्या, इतर कित्येकांच्या खाजगी रीतीनें घेतल्या, आणि तेथें मानवजातीविरुद्ध अपराध घडत असल्याचा निर्णय २०१४ सालीं दिला. स्तुति करणाऱ्यास दार उघडें आणि प्रश्न विचारणाऱ्यास बंद, ह्यावरून घरांत काय असावें ह्याचा तर्क मुलांनाहि करतां येईल.

तर मग विद्यार्थ्यांनो, उद्यां तुम्ही महाविद्यालयांत जाल आणि अशा एखाद्या मंडळाचें आमंत्रण तुमच्या हातीं येईल, तेव्हां काय करावें? आमंत्रण फाडून टाकूं नका. चार प्रश्न मात्र अवश्य विचारा.

पहिला प्रश्न, रस्ता दुहेरी आहे काय? आपण तेथें जाऊं शकतों, परंतु तेथील शेतकरी किंवा शिक्षक आपल्या इच्छेनें इकडे येऊं शकतो काय? दुसरा प्रश्न, खर्च कोण करतो? चोळकर व कोटणीस यांना आपल्या देशबांधवांच्या वर्गणीनें धाडलें होतें. पाहुण्याचें भाडें यजमान राजवट देत असेल, तर तो काय बोलतो ह्याचा तोल सावधपणें करावा. तिसरा प्रश्न, विपत्तीच्या वेळीं मंडळ काय बोलतें? दुष्काळ पडला, माणसें नाहींशीं झालीं, तेव्हां त्याच्या मासिकांत एक ओळ तरी आली काय? चौथा प्रश्न, मित्राला विरुद्ध बोलण्याची मुभा आहे काय? १९३० सालीं रवींद्रनाथ टागोर रशियास गेले. तेथील शिक्षणप्रसाराची त्यांनीं मनापासून वाखाणणी केली. परंतु निघतांना एका सरकारी वर्तमानपत्रास दिलेल्या मुलाखतींत, विरोधकांविषयीं द्वेष पेरण्यावर आणि मतस्वातंत्र्य दडपण्यावर त्यांनीं स्पष्ट शब्दांत टीका केली. ती मुलाखत त्या पत्रानें छापली नाहीं. रशियांत ती प्रसिद्ध झाली ती १९८८ सालीं, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनीं. टागोर खरे मित्र होते, म्हणूनच ते बोलले. आणि त्यांचें बोलणें सोसवलें नाहीं, ह्यावरून समोरचा पक्ष कितपत मित्र होता तें कळलें.

हेच प्रश्न आपल्या घरच्या सभांना, पक्षांना, पंथांना आणि आपल्या शाळांनाहि लावावेत. जी संस्था फक्त आपल्या गौरवाचे अहवाल छापते आणि प्रश्न विचारणाऱ्यास शत्रु समजते, तिच्यापासून ती कितीहि गोड बोलत असली तरी सावध राहावें.

पालकवर्गास एक विनंति आहे. मुलांना परदेशाविषयीं वाचूं द्या. त्यांना त्या देशांच्या भाषा शिकूं द्या. एकाच देशाविषयीं दोन परस्परविरुद्ध पुस्तकें घरीं आणून त्यांवर जेवतांना बोलणें काढा. दूरच्या माणसावर प्रेम करणारें मन आणि दूरच्या सत्तेला भुलणारें मन हीं बाहेरून सारखींच दिसतात. त्यांतील भेद मुलांना ओळखतां येऊं लागला म्हणजे इतिहासाच्या तासाचें सार्थक झालें. जो प्रश्न विचारूं देतो त्याच्याशीं मैत्री करावी, आणि ज्याला प्रश्न विचारण्याची मुभाच उरलेली नाहीं, त्याच्या वतीनें मित्रानें प्रश्न विचारावा.